आईसाठी वळणारी सीट

ती गाडी मी झाशीत, ग्वाल्हेर रस्त्यावरच्या एका विवाहघरात पाहिली. लग्नसराई संपली होती, पण कमानीवर झेंडूच्या प्लास्टिकच्या माळा तशाच होत्या. आत काळे पडदे लावून कंपनीने गाडी झाकून ठेवली होती. ती विकायची नव्हती, चालतही नव्हती. लहान मुलं असलेल्या तरुण कुटुंबांना प्रवासात आराम मिळावा म्हणून कशी गाडी बनवावी, याचा तो नमुना होता. ट्रकवर चढवून तो गावोगाव न्यायचा, घरची माणसं आत बसवायची आणि काय आवडलं, काय नाही ते विचारायचं, असं त्यांचं काम चाललं होतं.

आमच्या प्रेम नगरच्या घरी त्यांची सर्वेवाली बाई आली तेव्हा दारात सासूबाई होत्या. घरात तरुण जोडपं आहे का, लहान मूल आहे का, असं तिने विचारलं. सासूबाईंनी दोन्हींना हो म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. आमच्या घरात जोडपी दोन आहेत आणि मूल एक. मूल धाकट्या दिरांचं.

त्याची आई, म्हणजे माझी धाकटी जाऊ, बँकेत आहे. ती सकाळी निघाली की संध्याकाळपर्यंत मुलगा माझ्याजवळ असतो. म्हणजे असायचा. त्याला न्हाऊ घालणं, वरणभात भरवणं, दुपारी थोपटून निजवणं, सगळं मी करायची. मला मूल नाही. ग्वाल्हेरच्या डॉक्टरांकडे जाऊन झालं, त्याबद्दल घरात आता कोणी काही बोलत नाही. मला भीती होती ती एकाच गोष्टीची. बँकेशेजारी एक चांगलं पाळणाघर निघालंय, असं जाऊ अधूनमधून म्हणायची. तिने ते म्हटलं की मी पोळपाटाकडे बघत राहायची.

मी तक्रार करणाऱ्यांतली नाही. माझे वडील समथरच्या बाजारात शिवणकाम करायचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं असताना माझं लग्न झालं, आणि सासरच्यांनी ते पूर्ण करू दिलं. सासऱ्यांनी स्वतः स्कूटरवर बसवून मला परीक्षेला नेलं. आज मी चार ओळी नीट लिहू शकते ती या घराची कृपा आहे, आणि हे मी मनापासून लिहिते आहे.

गाडी पाहायला जायचा दिवस आला आणि जाऊला सुट्टी मिळाली नाही. ती म्हणाली, जाऊ दे, नाही गेलं तर काय बिघडतं. पण सासूबाईंनी त्या बाईला शब्द दिला होता. त्या मला म्हणाल्या, "तुम्ही दोघं नवराबायको जा. मूल काय, आपल्याच घरचं आहे."

हे आमच्याकडे कोणालाही विचित्र वाटलं नाही. जाऊलासुद्धा नाही. तिनेच मुलाला नवा सदरा घातला.

विवाहघरात शिरल्यावर त्यांनी मोबाइल काढून घेतले आणि आमच्या गळ्यात कार्डं अडकवली. ह्यांच्या कार्डावर 'पापा', मुलाच्या कार्डावर 'बच्चा', आणि माझ्या कार्डावर 'मम्मी'. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "घाल गं, तेवढीच हौस." कार्डं वाटणारी मुलगी मराठी समजणारी नव्हती. ती नुसती हसली.

गाडी मात्र छान होती, हे सांगायला हवं. दार हाताच्या बोटाने सरकायचं. मी चपला बाहेर काढून आत चढले, तर हे म्हणाले, "देवळात आलीस का?" आत गालिचा होता. मुलांच्या खुर्च्यांना मऊ पट्टे होते, दुधाची बाटली कोमट ठेवणारा कप्पा होता, आणि मूल झोपलं की आपोआप मंद होणारे दिवे होते. दिल्लीकडून आलेल्या एक मॅडम कानाला माइक लावून समजावत होत्या. पडद्याआड आणखी माणसं बसून ऐकत होती, तेही त्यांनी आधीच सांगितलं.

"और यह सीट मम्मी के लिए है," त्या म्हणाल्या आणि एक कळ दाबली. मी बसले होते ती सीट हळूच वळली आणि मी मुलाच्या समोर आले. आमचे गुडघे गुडघ्यांना लागले. तो हसायला लागला. मीही हसले. मॅडमनी विचारलं, "आप इसे खाना कैसे खिलाती हैं?" मी सांगितलं, की हा आधी वरण पितो, मग भात खातो, दोन्ही कालवलं तर थुंकतो. त्यांनी विचारत जावं आणि मी सांगत जावं. मला कधी कोणी इतकं विचारलं नव्हतं.

मग त्या मुलाकडे वाकल्या. "बेटा, मम्मी ऐसे सामने बैठें तो अच्छा लगता है?"

"ये मम्मी नहीं हैं," तो म्हणाला. "बड़ी मम्मी हैं. मम्मी बैंक में हैं."

"अच्छा. तो बड़ी मम्मी के बच्चे कहाँ हैं?"

"इनके होते ही नहीं. मम्मी कहती हैं, इसीलिए ये मुझे छोड़ती नहीं."

चार वर्षांच्या मुलाने ते तसंच सांगितलं, जसं तो वरणाबद्दल सांगतो. पडद्याआडून कोणीतरी खोकलं. मॅडमनी कानातल्या इअरफोनवर बोट ठेवलं, काहीतरी ऐकलं, आणि कळ दाबून माझी सीट पुन्हा पुढे वळवली.

"सॉरी मैडम, हमें असली मम्मी चाहिए थीं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "आपका वाला हम गिन नहीं पाएँगे."

हे हसत म्हणाले, "कोई बात नहीं जी. सीट तो आपकी बढ़िया है, हमारे यहाँ बिठाने को कोई नहीं."

बाहेरची माणसं हसली. ह्यांना चारचौघांत हसवायला आवडतं. मी चपला शोधत होते.

घरी येईपर्यंत मुलगा कणकणला होता. गाडीतला गारवा त्याला बाधला असावा. जाऊ बँकेतून आली तेव्हा तो सासूबाईंच्या मांडीवर होता. तिला पाहताच त्याने खिशातून कार्ड काढून दाखवलं. गळ्यातली कार्डं परत द्यायची असतात हे मला माहीत नव्हतं, आणि माझं त्याने केव्हा काढून घेतलं तेही कळलं नव्हतं.

"बड़ी मम्मी ने ये वाला पहना था."

जाऊने कार्ड वाचलं आणि टेबलावर ठेवलं. ह्यांनी विवाहघरातली सगळी हकीकत रंगवून सांगितली, मुलाचं वाक्यसुद्धा त्याच्याच आवाजात. धाकटे दीर खाली बघून हसले. जाऊ हसली नाही. तिने माझ्याकडे बघून विचारलं, "मी असं म्हणते, हे तुम्हाला आज कळलं का वहिनी?"

ती स्वयंपाकघरात गेली, मूठभर मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आली. घरात मुलाची दृष्ट मीच काढते, म्हणून मी हात पुढे केला.

"राहू द्या," ती म्हणाली. "आज मी काढते."

तिने मुलावरून मूठ उतरवली आणि गॅसवर तापलेल्या तव्यावर टाकली. आम्ही सगळे उभे होतो. मिरच्या काळ्या पडल्या तरी कोणाला ठसका लागला नाही. मिरचीचा ठसका लागला नाही तर दृष्ट जबर असते, असं आमच्याकडे मानतात. मिरच्या सादळलेल्या होत्या. बरणीत मीच भरलेल्या, मला ठाऊक होतं. पण ते मी कोणाला सांगणार?

"बघा," सासूबाई हळूच म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता मुलाच्या डोक्यावर पदर घातला.

रात्री जेवताना जाऊने पाळणाघराचं ठरवून टाकलं. मी धीर करून म्हटलं, "अगं, सकाळी सोड तिथे. दुपारी मी घेऊन येत जाईन. निजतो तरी नीट."

"नको वहिनी. त्याला सवय लागते." मग तिने पोळी मोडली. "आणि तुम्हालाही."

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "तुला आम्ही शिकवलं ना? मग समजून घे. दुसऱ्याच्या मुलात जीव अडकवू नये."

आपल्याच घरचं मूल आहे, असं त्यांनीच म्हटलं होतं. मला ते आठवलं, पण त्यांना आठवण करून देण्याइतकी मी कृतघ्न नाही.

पहिले काही दिवस तो जाताना फार रडला. पाळणाघराची व्हॅन गल्लीच्या तोंडाशी थांबायची, मोडक्या बाकांची, दाराला दोरी बांधलेली. तो माझा पदर धरून ठेवायचा. जाऊ त्याची बोटं एकेक करून सोडवायची आणि मला म्हणायची, "तुम्ही सोडत नाही म्हणून तो सोडत नाही." मग सासूबाईंनी सांगितलं, की व्हॅन यायच्या वेळी तू मागच्या खोलीत बसत जा, दार लावून. मी बसत गेले. तो दोन-तीनदा दार वाजवायचा. मी बाजेवर हात मांडीत धरून बसायची, आणि बाहेर कोणीतरी त्याला सांगायचं, बड़ी मम्मी घर में नहीं हैं.

आता तो दार वाजवत नाही. व्हॅनचा हॉर्न झाला की स्वतः डबा उचलून पळतो. काल मी विसरून अंगणातच राहिले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वळून घरात बघत सासूबाईंना म्हणाला, "दादी, बड़ी मम्मी अंदर नहीं गईं."

"जा गं," सासूबाई म्हणाल्या.

मी आत गेले आणि दार लावून घेतलं.