आखूड काना

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा आखूड आहे, जन्मापासून. त्यामुळं कुणी हसलं की मला आधी शक येतो, बाकीचा विचार मग. लोक म्हणतात, बाई लय संशयी आहे. म्हणू द्या. शाळेत ज्यांच्या चालण्याची नक्कल पोरींनी सगळ्यांसमोर करून दाखवली, त्यांनीच मला शहाणपण शिकवावं.

परभणीत बसस्टँडामागच्या गल्लीत माझं दुकान आहे. मी नवं शिवत नाही. रेडिमेड कपडे कुणालाच धड येत नाहीत, ते मापाला आणून देते. दारावरचा फ्लेक्स उन्हानं पांढराफटक पडला, तेव्हा म्हटलं, आता बाजूची भिंतच रंगवून घ्यावी. हातानं अक्षरं काढणारे पेंटर आजकाल शोधावे लागतात. शेजारच्या चहावाल्यानं एकाला धाडलं. तो आधी जागा बघायला आला, मग मजकूर विचारायला. मी मशिनीवर बसल्या बसल्याच सांगितलं, "कपडे आखूड-लांब करून मिळतील."

तो गालातल्या गालात हसला. "ताई, अशी अक्षरं काढतो की वाचता न येणारा बी थांबंल."

तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. साधं काम सांगितलं, त्यात हसायचं काय कारण?

दुकान रविवारी बंद असतं, तेव्हा त्यानं काम उरकलं. सोमवारी मी घरून, पिंगळीहून आले, ऑटोतून उतरले, तर दोन पोरी भिंतीकडं बघून खिदळायल्या. मीही बघितलं. 'लांब'मधल्या लाचा काना पार जमिनीपर्यंत खाली ओढलेला, टोकाला पँटीसारखी दुमड आणि दुमडीवर पांढरे टाके. आणि 'आखूड'मधला आ! त्याला शेवटी दोन उभ्या रेघा असतात ना, त्या दोन पायांसारख्याच दिसत होत्या. त्यातली उजवी अर्ध्यातच तोडलेली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशीच चहावाल्याकडं गेले. "तुमीच सांगितलं ना त्याला?"

"काय सांगितलं?"

"काय म्हणे! किती साळसूद."

"ताई, म्या फकस्त दुकान कुठं हाय तेवढं सांगितलं."

माझा काही विश्वास बसला नाही. कुठंतरी पाणी मुरत होतंच. आखूड शब्दाला आखूड रेघ, एवढीच गंमत होती म्हणावं, तर मग उजवीच का? गिऱ्हाईक भिंत बघून हसत हसत आत यायचं आणि मी त्याची नजर धरून ठेवायची, खाली जाते का बघायला. गिऱ्हाईक वाढलं होतं, हे खोटं कशाला बोलू? पण मला त्या वाढलेल्या गिऱ्हाइकाचाही शक यायचा.

त्याच आठवड्यात पेंटर स्वतःहून आला. सायकल भिंतीला टेकवून दारातूनच म्हणाला, "पसंत पडलं का, ताई?"

"मसखरीच करायची होती तर तोंडावर करायची!" मी मशिनीवरूनच ओरडले. "उजवीच रेघ का तोडली? डावी का न्हाई?"

"डावी तोडली तर आ वाचायलाच येत न्हाई वो."

"मला शिकवू नका. या, दाखवते." मी उठले, मशिनीला वळसा घातला, त्याच्यासमोरून चालत बाहेर गेले आणि त्या रेघेवर बोट ठेवलं. "हे कुणाला बघून काढलं?"

वळून बघितलं, तर तो भिंतीकडं बघतच नव्हता. माझ्या पायाकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा खाडकन उतरला होता. माणसाला पहिल्यांदा कळतं तेव्हाचा तो चेहरा मी जन्मभर बघत आलेय. तो खोटा आणता येत नाही.

"आईशप्पथ, ताई," तो म्हणाला, "मला ठाऊकच नव्हतं. तुमी दोन्ही येळेला बसलेल्या होत्या."

अगं बाई! त्याला जे ठाऊकच नव्हतं, ते मीच चालून दाखवलं होतं. लय वाईट वाटलं. पण माघार घ्यायचा आपला स्वभाव नाही. "आता झालं ना ठाऊक? मग भरा ती रेघ."

त्यानं सायकलला अडकवलेला डबा काढला, ब्रश घेतला आणि रेघ खालपर्यंत ओढली. जाताना माझ्याकडं बघायचंही टाळलं.

रंग वाळला तेव्हा दिसलं की हा लाल बाकीच्या अक्षरांच्या लालपेक्षा गडद आहे. रेघ कुठं जोडली ते लांबून कळतं. मोची माझ्या उजव्या चपलेला जाड तळ चिकटवून देतो, त्याचाही रंग वरच्या चामड्याला कधी जुळत नाही. आधी तो आ कुणाचाच नव्हता. आता तो माझा आहे, आणि त्याला बघून गल्लीत कुणी हसत नाही.