नारकंड्याचा बर्फ आणि न हललेला काटा

अप्पांना एकदा बर्फ बघायचा होता. बस्स, एवढ्यावर ठरलं. माझ्या वडिलांचं वय एकोणऐंशी, त्यात जुना दमा. तरी मी शेखी मिरवली, "आपली गाडी आहे ना, ऑटो क्लायमेट कंट्रोलवाली! चोवीसवर लावायचं, बाहेर काही का असेना." उन्हाळ्यात बडोद्यातल्या छाणीच्या गॅरेजात कूलिंगचं काम करून घेतल्यापासून इंजिन तापत नव्हतं, म्हणून मी खूशच होतो.

पहिला मुक्काम जयपूर. रस्ता झकास. दुसऱ्या दिवशी सिमल्याकडे निघालो तेव्हा सकाळी चांगलंच गारठलं होतं आणि पंखा नुसता कुजबुजत होता. अप्पा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपातले निवृत्त फिटर. त्यांची नजर इंजिनच्या तापमानाच्या डायलवर.

"काटा वर का येत नाही रे? पाणीच तापत नाहीये."

"अप्पा, हे तुमचं रेल्वेचं इंजिन नाही. सगळं ऑटो आहे. तुम्ही बाहेर बघा."

त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

सिमल्यात हॉटेलवाले खोलीतल्या हीटरचे वेगळे पैसे घेतात. द्या, कुरकुरू नका. तिथून नारकंडा अडीच तास. अप्पांनी बर्फ हातात घेतला. "मऊ आहे की रे! मला वाटलं, गोळ्यासारखा असेल." इतके हसले, की खोकला लागला.

परतताना उतारावर ट्रॅफिक. अठ्ठावीस केलं, पंखा तसाच. ऑटो काढून फुल केला तर गारठा थेट अंगावर आला. तीन तास.

"थंडी वाजतेय का?"

"छे रे, मजेत आहे."

ओठ निळे पडले होते. माझं डोकं तेव्हा कुठे शेण खात होतं, देव जाणे.

सिमल्याच्या इस्पितळात आठ दिवस. न्यूमोनिया. अग्नी तिथेच दिला. बडोद्याला परतलो तेव्हा शेजारच्या सीटवर अस्थींचा कलश होता.

छाणीच्या मेकॅनिकला काट्याचं सांगितलं. तो म्हणाला, "थर्मोस्टॅट तो आपणे ज काढी नाख्यो हतो ने, साहेब!" आम्हीच काढून टाकलेला, इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा तो झडपेचा तुकडा. तो नसेल तर थंडीत पाणी तापत नाही, हीटर त्याच पाण्यावर चालतो, आणि पाणी तापेपर्यंत ऑटो पंखा वाढवत नाही. बडोद्याच्या उन्हात त्याचं काय काम, असं तेव्हा तो म्हणाला होता आणि मी "टाका काढून" म्हटलं होतं. थंड मुलखात निघण्याआधी तुम्ही तेवढं बघा.

"तमने ज आप्यो'तो," तो म्हणाला. काढलेला तुकडा माझ्याच हातात दिला होता.

मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. कागदात गुंडाळलेला तिथेच होता. जाताना अप्पांच्या गुडघ्यांसमोर, येताना त्यांच्या अस्थींसमोर.