पुढे केलेलं मनगट

आमच्या आरोग्य केंद्रात डॉक्टरांच्या जागी आता मशीन तपासतं. ते मराठीत प्रश्न विचारतं, आपण उत्तरं द्यायची, की खालून चिठ्ठी येते. काल माझ्यापुढे एक म्हातारी होती. खुर्चीत बसताच तिने बांगड्या वर सारल्या आणि मनगट मशीनसमोर उताणं ठेवलं. मशीन विचारत राहिलं, ती उत्तरं देत राहिली. कपाळाला हात न लावताच त्याने ताप नसल्याचं सांगितलं. चिठ्ठी आली, तरी तिचा हात तिथेच होता.

मशीनचं काही चुकलं नसणार. आधीचे डॉक्टरही नाडी धरून खिडकीबाहेरच बघत बसायचे. पण तेवढा वेळ आपला हात कुणाच्या तरी हातात असायचा. माझ्यासारख्या एकट्या राहणाऱ्या बाईला महिनोन् महिने कुणाचा स्पर्श होत नाही, हे कुठल्या प्रश्नाच्या उत्तरात सांगायचं?

उठताना ती माझ्याकडे वळली. "बघ गं बाई, ताप वाटतो का?"

मला नाडीतलं काही कळत नाही. तरी मी तिचं मनगट धरलं. ते गार होतं.

"थोडी कणकण आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतेय मी केव्हाची," ती म्हणाली आणि समाधानाने गेली.

मग मी खुर्चीत बसले. काय त्रास होतोय, मशीनने गोड आवाजात विचारलं. मी हातातलं घड्याळ वर सारलं आणि मागे वळून पाहिलं. माझ्यामागे रांगेत कुणीच नव्हतं.