बाप जिवंत असताना

"भिंतीकडे तोंड कर आणि गप बस."

वॉर्डबॉय मला म्हणाला. मला, फौजेतल्या हवालदाराला. रत्नागिरीतल्या एका खासगी इस्पितळात माजी सैनिकांसाठी मनोविकाराचा वेगळा वॉर्ड होता, तिथे मी दाखल होतो. दर गुरुवारी सगळ्यांना ओळीत बसवून दाढी-मिशी सफाचट करायचे. स्वच्छतेसाठी म्हणे.

मी म्हणालो, "मिशी राहू द्या. माझे वडील जिवंत आहेत."

आमच्यात बाप गेल्यावरच मिशी उतरते. दाढी करणाऱ्या काकांना हे ठाऊक होतं. त्यांचा हात थांबला. मोठे डॉक्टर राउंडवर होते, ते हसले.

"इथे तुझी हवालदारी चालायची नाही. घ्या हो उरकून."

दोघांनी माझे हात धरले.

रविवारी खेडकडच्या गावाहून वडील आले. एसटीनं, एकटेच. मला बघून दारातच थबकले.

"मी आजून जिता हाय रं. मिशी कोनासाटी काडलीस?"

भाकरीचं फडकं खाटेवर ठेवून ते निघून गेले. परत आले नाहीत. इतका एकटा मी बर्फातल्या चौकीवरही नव्हतो. महिनाभर मी कुणाशी बोललो नाही. फाइलीत नोंद झाली : शांत आहे, सहकार्य करतो.

मग नवी पद्धत आली. पेशंटला विचारून उपचार ठरवायचे. सिस्टरनं सहीसाठी कागद पुढे केला. 'रुग्णाची इच्छा' या रकान्यात आधीच लिहिलेलं : लवकर बरे होणे. शेजारच्यांच्या कागदांवरही तेच. अक्षरही तेच.

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"हे कुणी सांगितलं?"

"सगळ्यांचं हेच असतं हो, दादा."

"माझं नाही."

मी ते खोडलं. खाली लिहिलं : मिशीला हात लावायचा नाही. दाढी माझी मी करीन.

"अहो, डॉक्टर रागावतील. वस्तरा कसा देणार तुमच्या हातात?"

"समोर उभ्या राहा. पण मला विचारायचं ठरलंय ना? मग हे राहील, नाहीतर सही नाही."

त्यांनी कागद पुन्हा माझ्यापुढे सरकवला. मी सही केली.

आता मी बाहेर आहे. गोळ्या चालू आहेत. दर गुरुवारी सकाळी, दाढ्यांच्या वेळी, मी त्याच वॉर्डात जाऊन बसतो. कुणी चहाही विचारत नाही, डॉक्टर नजर चुकवतात. चुकवू देत. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या अंगाला हात लागला, तर मी आडवा येणार. त्यापायी मला पुन्हा वेडा ठरवून आत घातलं तरी बेहत्तर.