चढावरची मिसिंग

आमची जुनी व्हॅन सपाटीवर शहाण्यासारखी चालायची आणि घाटाचा चढ लागला की आचके द्यायची. धक् धक्, मग एक ठोका गायब, मग पुन्हा धक्. आमचे हे त्याला मिसिंग म्हणायचे. त्या हिवाळ्यात तो गायब ठोका मला झोपेतही ऐकू यायचा. कारण पोरगी बाळंतपणाला जिवतीच्या डोंगरात आमच्याकडे आली होती आणि पोटातलं बाळ पायाळू होतं. कळ आली की लगेच चंद्रपूरला आणा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

तिचं सासर चंद्रपुरातच, दवाखान्याला अगदी लागून. व्याहीणबाई म्हणाल्या होत्या, "राहू द्या ना इथीच." पण पहिलं बाळंतपण माहेरी म्हणजे माहेरी. एकुलती एक पोर माझी. घेऊन आले.

ह्यांनी प्लग बदलले. कार्बोरेटर धुतला. पेट्रोलची टाकी रिकामी करून पाहिली. दर वेळी हात पुसत म्हणायचे, "आता पाह्य, मक्खन चालते." आणि पहिल्याच वळणावर आचका.

"मक्खन करपलं वाटते," मी म्हणायचे. ते चिडायचे, मी त्यांच्याहून जास्त चिडायचे. चुलीपाशी बसावं तर जीव गाडीत, गाडीपाशी उभं राहावं तर जीव पोरीत. ती खाटेवर शेंगा फोडत बसलेली असायची. जरा कण्हली की मी पिठाच्या हातानं धावायचे.

"काई नाई व आई, पाय वळला."

शेवटी एका सकाळी माझं डोकंच फिरलं. "आज सापडलं नाई तं काडीच लावीन या गाडीले!"

ह्यांनी मुकाट्यानं पुढची सीट उचलली. आमच्या गाडीचं इंजिन सीटखालीच. प्लगची एकेक वायर काढून आवाज ऐकला. वायर काढून आवाज बदलला नाही, तर दुखणं तिथंच. पण प्रत्येक वायरीला आवाज बदलला. उभ्या गाडीत दुखणं लपून बसायचं. मग त्यांनी वायरींवर थोडं पाणी शिंपडलं, माझ्या डोक्यावर घोंगडी टाकली आणि म्हणाले, "अंधारात पाह्य, काई चमकते का."

त्यांनी इंजिन रेस केलं. घोंगडीत करंजाच्या तेलाचा उग्र वास कोंडला होता. आणि दिसलं! वायरींना गुंडाळलेल्या एका काळ्या चिंधीतून निळी ठिणगी शेजारच्या लोखंडावर उड्या मारत होती.

"अहो, हे चिंधी कायची?"

त्यांनी कान खाजवला. मग हळूच म्हणाले, "उंदरं वायर कुरतडत होते ना. करंजाच्या तेलात भिजवून मीनंच बांधली. बैलाच्या खांद्याले नाई का लावत आपण?"

"गाडी काय बैल आहे?"

तेलानं वायरचं रबर फुगून चिरलं होतं, त्यावर धुळीचा थर बसला होता. चढावर जोर लागला की ठिणगी प्लगपर्यंत न पोचता वाटेतूनच पळायची. स्वतःच औषध बांधून हा माणूस पंधरवडाभर रोग शोधत फिरला! मी पोट धरून हसले, आणि हसता हसता रडायलाच लागले.

दुपारी गडचांदूरहून नव्या वायरी आल्या. हे घाट चढून-उतरून आले ते ओरडतच, "एक आचका नाई!"

पोरगी खुलली. "म्हणजे आता मी इथीच ना आई?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी. पण तिच्या पोटाकडे नजर गेली. इतकं पळालेलं इंजिन. आज वायर, उद्या आणखी काही. फोनला रेंज हवी तर टेकडी चढायची. छे! माझी छाती होईना.

"बॅग भर. चंद्रपूरले जाऊ."

"काऊन? गाडी तं सुधरली ना!"

"म्हणूनच. चालते तोवर चल."

ती गाडीत खिडकीकडे तोंड फिरवून बसली. घाटात प्रत्येक वळणावर मी कान टवकारून बसले होते. एकदा, एकदाच आचका बसावा, तिला ऐकू यावा आणि माझं खरं ठरावं, असं मला फार वाटत होतं. गाडीनं साधी कुरकुरही केली नाही.

राजुऱ्याच्या अलीकडे तिनं खिडकीकडे तोंड ठेवूनच विचारलं, "मले न्हाऊ कोण घालंन, आई?"

"तुही सासू," मी म्हटलं. मग पुन्हा इंजिनाच्या आवाजाला कान लावून बसले.