साडूची पाणबुडी

आमच्या फिटरइतका जळका माणूस मी पाहिला नाही, आणि मीही काही कमी जळका नाही. मी धक्क्यावर क्रेन चालवतो. मालकानं हौसेखातर दोन माणसांची छोटी पाणबुडी घेतली, तेव्हा ती पाण्यात सोडायचं काम माझ्याकडे आलं आणि तिचा नट न् नट सांभाळायचं फिटरकडे. चालवायला मात्र मालकानं निवडलं फिटरच्या साडूला. साडू आधी मोटरबोट चालवायचा. उंच, रुबाबदार, बोलायला गोड.

"राबायचं मी आणि मिरवायचं ह्यानं!" फिटर चरफडायचा. साडू वर आला की धक्क्यावर माशांच्या गोष्टी सांगायचा. त्याच गोष्टी मेहुणी फोनवर फिटरच्या बायकोला सांगायची आणि बायको रात्री जेवताना त्याला. एकच मासा बिचाऱ्याला दोनदा गिळावा लागायचा.

पाणबुडीच्या झाकणाला रबराची रिंग असते. तिच्यावर केस जरी राहिला तरी पाणी झिरपतं, भोंगा वाजतो आणि पाणबुडी आपोआप वर येते. जीव जात नाही, नोकरी जाते. तीही चालवणाऱ्याची. कारण फिटरनं रिंग पुसली तरी झाकण लावण्याआधी चालवणाऱ्यानं ती स्वतःच्या बोटानं तपासायची, असा नियम. साडू कधीच तपासायचा नाही. "दादांनी पुसलीय ना? मग झालं!"

एका रविवारी पुसताना फिटरच्या बोटाला केस लागला. त्यानं तो तसाच राहू दिला. हे त्यानंच मला नंतर सांगितलं, मान खाली घालून.

एरवी साडूशेजारी बसणारे मालक नेमके त्याच दिवशी आले नाहीत. साडू म्हणाला, "दादा, मी मालकांना विचारलंय. आज तुम्ही बसा. खरा हक्क तुमचाच."

फिटरच्या तोंडचं पाणी पळालं. "माझं पोट बिघडलंय," तो कसाबसा म्हणाला. साडू एकटा गेला असता तर हा गप्पच बसला असता, पैज लावून सांगतो. पण त्याची बायको डबा घेऊन आली होती.

"मग मी बसते," म्हणाली आणि आत उतरलीसुद्धा.

"थांबा!" फिटर असा काही ओरडला की मी दचकलो. धावत वर चढून त्यानं रिंगवरून बोट फिरवलं आणि केस काढला. साडूनं तो पाहिला. मला वाटलं, आता जुंपणार. साडूनं त्याचे दोन्ही हात धरले.

"दादा, तुम्ही आहात म्हणून मी डोळे मिटून खाली जातो."

झाकण लागलं. मी दोघांना पाण्यात सोडलं. फिटर धक्क्यावर बसून राहिला.

त्यानंतर साडूनं त्याला चारदा बोलावलं. चारही वेळा त्याचं पोट बिघडलं. शेवटी मी चिडून म्हणालो, "अरे, आता कसली जळजळ? जागा देतोय ना तो!"

"जागा गेली खड्ड्यात," फिटर म्हणाला. "त्याला माझ्यावर एवढा भरवसा टाकता येतो. मला आजवर कुणावरच टाकता आला नाही. त्याची जळजळ."