जिथे नापास होता येतं

नानाकाका लग्नाची पत्रिकासुद्धा उजेडासमोर धरून पाहायचे. कागद हातात आला की आधी तो पालथा करायचा, मग खिडकीकडे धरायचा, शिक्का असेल तर त्यावरून अंगठा फिरवायचा आणि एवढं सगळं झाल्यावर मजकूर वाचायचा. बनारसमधल्या एका विद्यापीठाच्या रेकॉर्ड विभागात ते कारकून होते. ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतून पदव्या आणि मार्कशीट खऱ्या की खोट्या हे विचारायला तिथे येत, आणि त्या जुन्या रजिस्टरांशी ताडून पाहणं हे त्यांचं काम. ब्रह्मा घाटाच्या आमच्या गल्लीत सगळे त्यांना ‘जाँचबाबू’ म्हणत. आम्हा मराठी घरांचे ते नानाकाका.

एकदा त्यांच्या मेहुण्याच्याच मुलाची मार्कशीट त्यांच्या टेबलावर आली. त्यांनी ‘नोंद आढळत नाही’ असं लिहून ती परत पाठवली. काकू चार महिने त्यांच्याशी धड बोलल्या नाहीत. बाबांनी एकदा विषय काढला तेव्हा नानाकाका एवढंच म्हणाले, “रजिस्टरात नव्हतं, म्हणून नाही लिहिलं. असतं तर आहे लिहिलं असतं. यात माझं काय आहे?”

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. मी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते आणि आईला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बाबा बँकेत, घरात दुसरं कोणी नाही. मी कॉलेज सोडलं. दोन वर्षं आईचं करण्यात गेली. बरोबरीच्या मुली पास होऊन बी.एड.ला लागल्या, आणि मी मात्र घाटावर कपडे वाळत घालताना त्यांची नजर चुकवू लागले.

तेवढ्यात बाबांना बँकेत कोणीतरी एक माहितीपुस्तक दिलं. घरबसल्या पदवी, एका वर्षात, हजेरीची अट नाही. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर घुमट असलेली मोठी इमारत. मला तर स्वर्ग दोन बोटं उरला. फॉर्म भरून झाला होता. जाता जाता नानाकाकांना दाखवावा म्हणून बाबा घेऊन गेले, आणि नानाकाका दुसऱ्या दिवशी ऑफिसची अर्धी रजा टाकून मला म्हणाले, “चल शुभा, तुझी युनिव्हर्सिटी बघून येऊ.”

युनिव्हर्सिटी लहुराबीरला निघाली, एका घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीत. तिथल्या गृहस्थाने आम्हाला चहा मागवला. नानाकाकांनी मान्यतेचं काही विचारलं नाही की इमारतीचं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं, “भाईसाहब, पिछले साल आपके यहाँ कितने बच्चे फेल हुए?”

“फेल?” तो हसला. “अरे बाबूजी, निश्चिंत रहिए. हमारे यहाँ कोई फेल नहीं होता.”

नानाकाकांनी चहा संपवला, आभार मानले आणि उठले. जिना उतरताना म्हणाले, “जिथे कोणी नापास होत नाही, तिथे पास कोण होणार?”

मी रस्ताभर त्यांच्या चार पावलं पुढे चालत राहिले. मला फार राग आला होता. एका वर्षात सुटले असते आणि यांनी दार लावून टाकलं, असं वाटत होतं.

पण त्यांनी ते दार नुसतं लावलं नाही. सरकारी मुक्त विद्यापीठाची त्यांनी चौकशी सुरू केली. खरं तर त्यांचा स्वतःचा त्यावर विश्वास नव्हता. “वर्गात न बसता कसली डिग्री?” असं ते बाबांना म्हणालेलं मी ऐकलं होतं. तरी त्यांनी दिल्लीला पत्र घातलं, ही पदवी नोकरीला चालते का म्हणून, आणि उत्तर येईपर्यंत अभ्यासकेंद्रातून इतिहासाचं एक पुस्तक मागून आणलं. अख्खा रविवार ओट्यावर बसून वाचलं. दिल्लीहून ‘चालते’ असं उत्तर आलं, त्या संध्याकाळी आमच्या घरी आले आणि म्हणाले, “पुस्तक चांगलं आहे. मी चुकीचं समजत होतो. भर फॉर्म.”

पुस्तकं टपालाने यायची. मी आईच्या खाटेशी बसून मोठ्याने वाचायची, कारण तेवढ्यातच तिच्याजवळ बसणंही होई आणि माझा अभ्यासही. सुरुवातीला आई भिंतीकडे बघत पडून राही. नानाकाका ऑफिसातून येताना दारात थांबत आणि मला नाही, तिला विचारत, “वहिनी, आज काय वाचून झालं?” आई एक-दोन शब्द जुळवायची. तिचं पूर्ण होईपर्यंत ते छत्री टेकून उभे राहत, मधे शब्द पुरवत नसत. डॉक्टरांनी सांगितलेले जिभेचे व्यायाम आईने कधी मनापासून केले नाहीत. पण जाँचबाबूंना उत्तर द्यायचं म्हणून ती दुपारपासून तयारी करू लागली.

दुसऱ्या वर्षी मी अर्थशास्त्रात नापास झाले. निकालाचं पाकीट घेऊन मी रडत त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागद नीट वाचला, कोट चढवला आणि बाहेर गेले. परत आले ते मलइयोचे, म्हणजे थंडीत मिळणाऱ्या गोड दुधाच्या फेसाचे, दोन मातीचे कुल्हड घेऊन. एक माझ्या हातात दिला. “आता माझी खात्री पटली,” म्हणाले. “खा. आणि उद्यापासून अर्थशास्त्र.”

एका वर्षाचं काम पाच वर्षांत झालं. पुढे बी.एड. झालं आणि एका शाळेत नेमणूक मिळाली. शाळेने माझी पदवी पडताळणीला पाठवली, उत्तर येईपर्यंत कायम करणार नाही म्हणून सांगितलं. वर्गात बसून शिकलेल्यांची एवढी चौकशी झाली नव्हती. मला लागलं. नानाकाका म्हणाले, “त्यांना विचारू दे. तुला कशाची भीती आहे?” खरंच कशाचीच नव्हती. तोवर हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. तीन महिन्यांनी उत्तर आलं आणि मी कायम झाले.

आता मलाही निवृत्ती दिसू लागली आहे. पालक मोबाईलवर ऑनलाइन पदव्यांच्या जाहिराती दाखवतात आणि विचारतात, ही घ्यावी का. काही चांगल्या असतात, काही त्या घड्याळाच्या दुकानावरच्या खोलीसारख्या. ओळखायला मला वेळ लागत नाही. ती ओळख ज्यांनी दिली, त्यांचे आभार मानायचे मात्र राहूनच गेले. समोर असताना त्यांनी तसा प्रसंगच येऊ दिला नाही.

मी कायम झाले त्याच वर्षी नानाकाका निवृत्त झाले आणि त्यांचं मुलाकडे ग्वाल्हेरला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या संध्याकाळी आईचा निरोप घ्यायला आले. आई खुर्चीत बसली होती. बराच वेळ ओठ हलवून ती म्हणाली, “नाना... मी पण... पास का?”

मला वाटलं, हो म्हणून मोकळे होतील. ते समोरच्या स्टुलावर बसले. “परीक्षा घ्यावी लागेल, वहिनी. ताजमहाल कुठे आहे?”

आईने नापसंतीने मान हलवली. “हे... बी.ए.चं... नाही.”

“बरं. ते जुनं मोठं स्नानगृह कुठल्या शहरात सापडलं?”

आईने डोळे मिटले. बाबा काही बोलणार होते, नानाकाकांनी हाताने थांबवलं. “मो...” आई म्हणाली. “मोहें... जो... द... डो.”

“पास,” नानाकाका म्हणाले.

“मार्क?”

“ते टपालाने येतात.”

दुसऱ्या दिवशी ते गेले. पुन्हा काही त्यांचं बनारसला येणं झालं नाही. पंधरा दिवसांनी आईच्या नावाचं पोस्टकार्ड आलं. खाली सही, तारीख, आणि वर ऑफिसच्या अक्षरात एकच ओळ: ‘शंभरपैकी बासष्ट. उच्चार सुधारण्यास वाव.’

आईने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. मग मला कामाला पिटाळलं आणि दुपारभर खिडकीशी बसून मोहेंजोदडो, मोहेंजोदडो म्हणत राहिली.